दोन हात

"दोन हात करायला दोन हात लागतात, सूनबाई. तुझ्या या पहारेकऱ्याकडे एकच आहे."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हातातलं पान टेबलावर टाकलं. सुनेच्या नव्या कादंबरीतलं ते वाक्य असं होतं : 'डावा हात निकामी झालेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने भाला उचलला आणि जिन्यात एकट्याने तिघांशी दोन हात केले.'

"बोलायची पद्धत आहे ती, बाबा."

"पद्धत मलाही माहीत आहे. पण भाला? जिन्यात? तोही एका हाताने? शत्रू हसून हसून मरतील, एवढीच काय ती आशा."

सून मनातून चरकली, पण भाल्यामुळे नव्हे. निकामी हा शब्द त्यांच्या नजरेला पडायला नको होता. आजारपणात त्यांची सगळी डावी बाजू गेली होती. पाय परत आला, जीभ तर पूर्वीपेक्षा धारदार होऊन आली, हात मात्र मांडीवर नुसता पडून होता. "हात गेलेला नाही आजोबा, रुसलाय," फिजिओथेरपिस्ट प्रत्येक वेळी सांगायची, "पण असाच ठेवलात तर खरंच जाईल." आणि आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरांकडून कवायत करून घेतलेले सर स्वतःच्या व्यायामाची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. घरात सगळे समजावून थकले होते.

"मग काय देऊ त्याच्या हातात?" तिने विचारलं.

"चल जिन्यात. कागदावर लढाया कोणीही जिंकतं."

माडीवर जाणारा जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरायचं. सासरे खालच्याच एका पायरीवर कठड्याला टेकून उभे राहिले. सून त्यांच्यासमोर, जीव मुठीत धरून. जळमटं काढायच्या काठीचा भाला झाला. तो त्यांनी उजव्या हाताने फिरवला मात्र, मागचं टोक भिंतीत अडकलं आणि पुढचं दिव्यावर आपटलं.

"भाला बाद."

छत्रीची तलवार केली, तर तीही वर उचलली की भिंत खरवडायची. शेवटी त्यांनी टेबलावरची फूटपट्टी मागवली. "हे बघ, आखूड हत्यार. फिरवायचं नाही, खुपसायचं. म्हाताऱ्याचा दमही टिकतो."

"पण समोरच्याचा वार कशावर झेलेल तो?" हे तिने खरंच अडल्यासारखं विचारलं. आठवडाभर प्रकरण तिथेच तर अडलं होतं.

"ढालीवर."

"आणि ढाल कोणत्या हातात धरेल?"

विचारलं आणि तिने जीभ चावली. सासऱ्यांनी फूटपट्टी खाली घेतली. आता ते वळून खोलीत जाणार आणि भिंतीकडे तोंड करणार, असंच तिला वाटलं.

"ढाल बोटांनीच धरायला पाहिजे असं कुठंय?" ते म्हणाले. "मनगटाच्या वर बांधायची. जा, एखादं झाकण आण."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, माझं दुधावरचं झाकण!" तोवर सून झाकण घेऊन पसार झाली होती. कडीतून पट्टा ओवून तिने ते त्यांच्या डाव्या हाताला बांधलं. हात गार होता, ओल्या टॉवेलसारखा जड. सोडला की खाली पडला.

"मार," सासरे म्हणाले.

"हळूच मारते."

"लुटुपुटीचं मारलंस तर लुटुपुटीचंच लिहिशील. मार!"

तिने छत्री उचलली. मारणार ती हळूच होती, पण पायरीचा अंदाज चुकला, तोल गेला आणि छत्री खरोखरीच त्यांच्या कानशिलाकडे सुटली. तिने डोळे मिटून घेतले.

ठण्ण!

डोळे उघडले तर झाकण सासऱ्यांच्या कानाजवळ होतं. हात थरथरत होता, पण वर होता. न सांगता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

मग घसा खाकरून मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "परत."

तिने परत छत्री उगारली. झाकण छातीपर्यंत आलं.

"परत."

या वेळी त्याहून थोडं खाली. पण आलं. सून मटकन पायरीवर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. किती दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता, हे तिला तो उतरल्यावर कळलं.

"रडतेस काय? लिहून घे," सासरे म्हणाले. "त्याला ढाल दे. आणि तो निकामी शब्द खोड."

"मग काय लिहू?"

त्यांनी झाकणाकडे पाहिलं. "रुसलेला."

झाकण न्यायला आलेल्या सासूबाई केव्हापासून दारात उभ्या होत्या, कोण जाणे. त्या दिसताच सासरे पट्टा सोडायला लागले. "घे बाई तुझं झाकण. भांडं उघडं पडलं असेल."

"असू दे हो तुमच्याकडेच," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भांडं उघडंच बरं. आत्ताच जीव पडलाय माझा त्यात."