वैजयंतीबाईंचं गप्प बसणं

रुचिराचं वाचून झालं आणि खोली चिडीचूप झाली. मागच्या बाकावर वैजयंतीबाईंनी डिंकाचा अख्खा लाडू तोंडात कोंबला.

तोंड मोकळं राहिलं असतं तर त्या बोलल्याच असत्या. आर. के. पुरमच्या रविवारच्या मराठी वर्गात नव्या शिक्षकांना तयार करणं हे त्यांचं काम. शिक्षक जरा अडखळला की बाईंनी मागून उडी घेतलीच, आणि मग तास संपेपर्यंत मैदान त्यांचंच. आधीची शिक्षिका तर शेवटी मुलांच्या ओळीत बसून गृहपाठ करायला लागली होती, अशी वदंता आहे.

आज मात्र वर्गाच्या प्रमुख वीणाताईंनी दारातच बजावलं होतं, "हेरंबला गट चालवता येतो का, ते मला बघायचंय. तुम्ही मधे एक शब्द बोललात, तर त्याचा लेखनगट बंद."

आणि बिचाऱ्या हेरंबला, त्या नव्या शिक्षकाला, यातलं काही ठाऊक नव्हतं.

रुचिराने घर बदलल्याचं लिहिलं होतं. सरकारी क्वार्टर सोडलं. सामान नोएडाच्या फ्लॅटकडे निघालं. ट्रक भरल्यावर ती एकटीच परत वर गेली आणि रिकाम्या खोलीत तिने हाक मारून बघितली. शेवटी वाक्य होतं, 'मी खूप खुश आहे.'

"काय वाटलं तुम्हाला?" हेरंबने गटाला विचारलं.

 एकाने पेन्सिल चावली, दुसरीने बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. हेरंब नुसता उभा. दारापाशी बसलेल्या वीणाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटचं वाक्य बघा रे, एवढंच तर बाईंना म्हणायचं होतं. लाडू विरघळत चालला. त्यांनी बाक असा आवळून धरला की त्यावर बोटांचे ठसे उमटले. अजून आहेत म्हणतात. हेरंबने एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी झटकन नजर छताला लावली.

"अरे यार," पेन्सिलवाला आशय एकदम म्हणाला, "खुश होतीस तर परत वर कशाला गेलीस?"

"आणि हाक कुणाला मारलीस?" लेसवाली म्हणाली.

मग सगळेच तुटून पडले. रुचिराने खाली मान घालून ऐकलं, शेवटचं वाक्य खोडलं आणि गटालाच विचारलं, "मग आता संपवू कुठे?"

वीणाताई हसल्या आणि उठून गेल्या. गट वाचला.

मुलं पांगल्यावर बाई लगबगीने पुढे आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "हेरंब, प्रश्न विचारून इतका वेळ गप्प राहायचं. मला जन्मात जमलं नाही रे. कुठे शिकलास?"

हेरंबने कपाळावरचा घाम पुसला.

"शिकतो कुठला, बाई. मला पुढचं काही सुचतच नव्हतं. तुम्ही आता बोलाल, मग बोलाल, म्हणून वाट बघत उभा होतो."