चौथी शिवण

“शर्ट काढा काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सुतार खुशीत आला. त्याला शर्ट दाखवायचाच होता.

“बघा, बटणं कशी ताणलीत. सहा महिन्यांपूर्वी हाच शर्ट अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. विचारा हिला.”

हिला कुणी काही विचारलं नाही. त्याच्या बायकोने शर्ट घेतला, घडी घातली, मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. तीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत आली होती. कापड हाती लागलं की तिची बोटं आपोआप त्याचा पोत चाचपायची. आज ती हलली नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. मग त्याला काट्यावर उभं केलं.

“पंचावन्न किलो. दोन वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या कागदावर अडुसष्ट लिहिलंय.”

“मग काटा बिघडलाय तुमचा. खाली एक पाचर मारून देतो, सरळ होईल.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. स्कॅनचे कागद हातात घेऊन त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“त्या ताकदीच्या सुया घेताय, त्या कुणी दिल्या?”

“व्यायामशाळेतल्या पैलवानाने. फळी उचलताना हात थरथरायला लागले होते हो. तो म्हणाला, काका, यात बाहेरचं काही नाही. शरीर आपलंच वाढीचं हार्मोन बनवतं, ही पेप्टाइडची सुई फक्त त्याला जागं करते. आणि गुण आला. झोप लागायला लागली. बोटं बघा, कशी भरलीत, अंगठी निघत नाही.”

“ती सूज आहे, काका.”

सुताराने बोटं मिटली.

“शरीर जागं करते हे खरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आत काय काय जागं होईल, ते सुईच्या हातात नसतं. तुमच्या पोटातली गाठ सुईने झाली असं मी म्हणणार नाही. तसं छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. पण गाठ असलेल्या माणसाला ही सुई देत नाहीत. म्हणून आधी तपासण्या करतात, नंतर वजन बघतात, रक्त बघतात. तुमचं कुणी काही पाहिलं?”

“पैलवानाने दंड पाहिला.”

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं.

“आता गाठ एका जागी राहिलेली नाही, काका. ऑपरेशन करून उपयोग नाही. वजन उतरायला लागलं तेव्हाच आला असतात, तर…”

“पण उतरलं कुठे होतं?” सुतार एकदम उठलाच. “बाई, मी मापाचा माणूस आहे. उगाच मनाचं समाधान करून घेणारा नव्हे. दर महिन्याला हा शर्ट घालून आरशासमोर उभा राहायचो. महिन्या-दोन महिन्यांनी थोडा जास्त घट्ट. आणि शिवलेला कुणाचा? हिचा! हिचं माप आजवर चुकलेलं नाही. दे गं तो इकडे.”

तिने शर्ट सोडला नाही.

“अगं दे ना.”

“अहो, राहू द्या.”

त्याने ओढला. घडी मोडली आणि शर्ट उलटा होऊन त्याच्या हातात आला. डॉक्टरीणबाईंना आतल्या बाजूला काही दिसलं नसतं. पण सुतार जन्मभर सांधे बघत आला होता. काखेपासून खालपर्यंत गेलेल्या शिवणीवर त्याने नख टेकवलं. मग ते शेजारच्या शिवणीवर सरकवलं. मग तिच्या शेजारच्या. कापलेल्या ओंडक्यावरची वलयं मोजावीत तसं तो हळूहळू मोजत गेला.

चार.

पहिली मूळची. बाकीच्या तीन वेगवेगळ्या दोऱ्यांच्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी आत घेतलेली.

तिने मान वर केली नाही. “त्या दिवशी तुम्ही आरशासमोरून हलेचनात,” ती पुटपुटली. “‘लाकूड वाळलं,’ म्हणालात, आणि तसेच खाली बसलात. जेवलाही नाहीत. मला वाटलं, वय आहे. सुयांचा गुण यायला वेळ लागेल, तोवर… नंतर तुम्ही शीळ घालायला लागलात.”

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शर्टाकडे. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

सुताराने शर्ट सुलटा केला आणि अंगात चढवला. बटणं लावायला त्याला फार वेळ लागला.

“चूक माझी, बाई,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “घरात काटा नाही. मी काही चढून बघितलं नाही कधी. हिचा यात काही संबंध नाही.”

औषधांचा कागद मिळायचा होता, म्हणून दोघं बाहेर बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लिहिल्या होत्या. त्याने त्या दोनदा वाचल्या. तिने पिशवीतून टाके उसवायची छोटी कात्री काढली, बाजूला वाकली, त्याच्या शर्टाचं टोक उचललं आणि खालून पहिला टाका कापला. मग दुसरा. त्याने अडवलं नाही, नुसता हात जरा वर धरला.

वीतभर शिवण सुटली. शर्ट या सहा महिन्यांच्या उन्हापाण्याने विटून राखाडी झाला होता. पण आत दुमडलेल्या कापडाला ऊन लागलं नव्हतं. तिथून निळ्याशार रंगाची, बोटभर रुंदीची एक पट्टी बाहेर आली.

सुताराने त्या पट्टीवर आपलं सुजलेलं बोट ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग दुसऱ्या हाताने तिची कात्री अलगद मिटली.

“राहू दे गं,” तो म्हणाला. “अजून पाचवी घालावी लागेल.”