लिटरभर पाणी

न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या गेटवर ड्युटी करणाऱ्या क्रांतीला मुतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी सांगितली होती. काउंटरवरच्या मुलीने तिला लिटरभर पाणी प्यायला लावलं आणि नंबर येईपर्यंत लघवी रोखून धरायला सांगितली.

दीड तास उलटला. बाकड्यावरच्या बाकीच्या बायकांची चुळबुळ चालली होती, एक तर उठून बाथरूमला पळालीसुद्धा. क्रांती मात्र मांडीवर पर्स घेऊन, भिंतीवरचा 'रोज तीन लिटर पाणी प्या' हा बोर्ड वाचत गुमान बसून होती.

"ताई, तुम्हाला जड नाही जात?" मुलीने विचारलं.



"रोखायचं काय, रोजचंच आहे गं. गेटवर बायकांना टॉयलेट नाही, नऊ तास तशीच उभी असते. ते पाणी प्यायचं तेवढं जड गेलं."