एका उजेडात

गुरुपादने जीपच्या बॉनेटवर कागद पसरला. केज ते कपिलधार, पन्नास किलोमीटर. किलोमीटरला पंधरा मिनिटं.

भारतने बोटांवर हिशोब केला. वीस वर्षं तो याच रस्त्यावर जीप चालवत होता. "साडेबारा तास होतेत बे. या दिवसांत उजेड अकरा तासांचा. अंधारात पोचशील."

"अंधार चालत न्हाई. उजेडातच बोललीय ती."

नवस शांताचा होता. गुरुपाद दवाखान्यात होता तेव्हा ती कपिलधारच्या स्वामींना बोलली होती: हे उठून घरी आले, तर एका उजेडात चालत येईन. गुरुपाद उठला. श्रावणात तीच गेली. नवस राहिला.

"पंधरा मिनिटं कुठनं काढलीस?" भारतने विचारलं.

"रोज संध्याकाळी त्या किलोमीटरच्या दगडापर्यंत जात होतो की. घड्याळ बघून."

"दोघं जात होता. तो वेग वहिनींच्या गुडघ्याचा हाय. तुझा कुठाय?"

त्या रस्त्यावर गुरुपाद एकटा कधी चाललाच नव्हता.

भारतने मोबाइल काढला. "दगडापर्यंत जा. पळू नको, नुसता चाल. मी मागनं येतो."

गुरुपाद चालत सुटला. चपलांचा दुसरा आवाज नव्हता, एवढंच. दगड आला तशी त्याने त्यावर हात ठेवला आणि सवयीने मागे वळून उभा राहिला. मागून भारतची जीप आली.

"अकरा मिनिटं!" भारत खिडकीतून ओरडला. "सव्वानऊ तासांच्या आत पोचतोस बे. वाटेत नेकनूरला बसून भजी खा."

गुरुपादला हसू आलं नाही. त्याने कागदावर पंधरा खोडून अकरा केले. मग खाली लिहिलं: दर पाच किलोमीटरला दहा मिनिटं थांबणे.

"दमलास?"

"न्हाई."

"मग थांबायचं कावून?"

"नवस तिचा हाय," गुरुपाद म्हणाला. "तिला गाठता आलं पाहिजे."

भारतने जीप बंद केली. कागद मागून घेतला आणि उजेडाच्या अकरा तासांचा हिशोब पुन्हा बोटांवर केला.

"दहा मिनिटांत वहिनी न्हाई गाठायच्या," तो म्हणाला. "बारा लिही."