नव्या रिंगा

"कणीक मळायची परात आहे ही, तुमचं गॅरेज नव्हे," ती पुटपुटली. परातीत पिस्टन रॉकेलमध्ये बुडाला होता. नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करत पिस्टनच्या नव्या रिंगा पुसत राहिला.

लकव्यातून त्याचा हात सावरला, पण तेव्हापासून स्कूटर सुरू होईना. आधी प्लग बदलला, मग कार्ब्युरेटर साफ केला. आता दुसऱ्यांदा इंजिन उघडलं होतं. "जुनं इंजिन, दमणारच," लेक म्हणायची. शेजारचे साळवीही मान डोलवायचे. त्याच्या उजव्या पायाचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं.

दुपारी इंजिन जोडून झालं. त्यानं भिंतीला धरून तीनदा किक मारली. नव्या रिंगांनी ती आणखीच जड झाली होती. पाय अर्ध्यावरच थरथरला. "ह्यासुद्धा भिकार निघाल्या," म्हणत त्यानं पाना मागितला.

म्हणजे पुन्हा परात. वैतागून तिनं स्वतःच एक किक हाणली आणि स्कूटर सुरू झाली, अगदी नव्यासारखी.

तिनं घाईनं बंद केली. "तुमच्याच किकांनी पेट्रोल वर आलं असेल."

त्यानं पाना परातीत ठेवला.

"इंजिन केव्हाच नीट झालंय," तो म्हणाला. "पाय गेलाय माझा."