पदरमोड न करता

सकाळी मार्लिस कॉफीचा मग घ्यायला गेली, तर कपाटाला दारच नव्हतं. शेजारच्या कपाटालाही नव्हतं. नुसत्या बिजागऱ्या लोंबत होत्या. बाहेर अंगणात करवतीचा आवाज चालू होता.

"वेंडेल!" तिनं खिडकीतून हाक मारली. "माझी दारं कुठायत?"

"ट्रेलरला लावतोय," तिचा नवरा म्हणाला. "अस्सल ओक आहे हा. दुकानातल्या ट्रेलरला असलं लाकूड बघायला तरी मिळतं का?"

"मला विचारायचंस तरी."

"उघडी कपाटं बरी असतात. काय कुठं ठेवलंय ते दिसतं."

मार्लिसनं कॉफी ओतून घेतली.

बर्फ वितळल्यावर दोघं शहरात तयार ट्रेलर बघायला गेली होती. तळ्याकाठी चार दिवस राहता येईल असा, गाडीमागं ओढायचा, एका पलंगाएवढा ट्रेलर. किंमत ऐकून वेंडेल टॉलेफसनचं डोकंच फिरलं. एका गादीचे आणि दोन खिडक्यांचे एवढे पैसे? परतीच्या रस्त्यावर तो सबंध वेळ त्या विक्रेत्याच्या नावानं खडे फोडत होता. घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं, ट्रेलर आपणच बांधायचा, आणि तोही पदरमोड न करता.

चाकांची चौकट मिळाली ती मार्लिसच्या वडिलांच्या बोटीच्या गाड्याची. वडील गेल्यापासून तो तिच्या माहेरच्या कोठारामागं गवतात पडून होता. मग तिच्या शिवणाच्या टेबलाची फळी गेली, तिचा ट्रेलरमधला ओटा झाला. कपडे धुण्याच्या खोलीतलं सिंक गेलं. मागच्या दाराची जाळी निघून ट्रेलरच्या खिडक्यांना लागली, आणि घरात डासांचं राज्य सुरू झालं.

सगळ्यात शेवटी गेली गोधडी. मार्लिसच्या आईनं हातानं शिवलेली. तिचे त्यानं चार पडदे कापले.

त्या दिवशी शेजारची डेलोरेस तरातरा अंगणात आली. "लाज वाटते का रे काही? आईच्या आठवणीला कात्री लावतोस!"

"पेटीत पडून तिला कसर लागत होती," वेंडेल म्हणाला. "आता निदान उपयोगी पडेल."

"मी मार्लिसच्या जागी असते, तर हा डबा तळ्यात ढकलून दिला असता."

"म्हणून तर तू मार्लिस नाहीस."

डेलोरेसनं मार्लिसकडं बघितलं. "आणि तू काय गं? तोंडात मिठाची गुळणी धरलीयस?"

मार्लिस पडद्याच्या कडा दुमडून टाके घालत होती. दोरा दातानं तोडून ती म्हणाली, "माझ्या गाडीला झेपेल ना रे हा?"

वेंडेलचा चेहरा उजळला. "तुझ्याच गाडीला जोडायचाय! माझा ट्रक पेट्रोल फार पितो."

डेलोरेस कपाळावर हात मारून निघून गेली.

त्यानंतर मार्लिसनं खरंच लक्ष घातलं. ट्रेलर गाडीला कसा अडकवायचा, मागच्या दिव्यांची तार कुठं लावायची, सगळं विचारून घेतलं. चर्चच्या रिकाम्या आवारात वेंडेलनं तिला ट्रेलर मागं घ्यायला शिकवलं. एकदा कचऱ्याचा डबा आडवा झाला, तेव्हा दोघंही हसली.

"बघा, अखेर गोडी लागलीच की नाही!" गावच्या कॅफेत वेंडेल सगळ्यांना सांगत सुटला. "नुसती तक्रार करायची. आता स्वतः गाडी जोडते. आणि स्क्रू सोडले, तर बाहेरून काही आणलेलं नाही मी!"

लोक वाहवा करत. त्यानं फोटो काढलेच होते, तेही टेबलाटेबलावर फिरत.

तळ्यावर निघायच्या आदल्या दिवशी मार्लिस लवकर बाहेर पडणार होती. गावात मयत होती. चर्चमध्ये मयतीनंतरच्या जेवणाची तयारी आहे, यायला उशीर होईल, असं तिनं सांगितलं होतं. वेंडेल कॅफेत गेला. परत आला, तर अंगण रिकामं. गवतावर चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या.

तो तडक डेलोरेसच्या दारावर जाऊन थडकला.

"कुठं ठेवलायस माझा ट्रेलर?"

"माझ्या पर्समध्ये," डेलोरेस म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस, तळ्यात ढकलीन!"

"जमलं असतं, तर केलंही असतं. आता सर बाजूला, माझा जॅम उतू चाललाय."

वेंडेलनं शेरीफच्या कचेरीत फोन लावला. संतापानं त्याचा आवाज फाटत होता. "दिवसाढवळ्या चोरी! माणसं आहेत की कोण! दुसऱ्याची वस्तू, जीव लावून जपलेली, न विचारता सरळ उचलून न्यायची? मालकाला काय वाटेल, याचा विचारच नाही? असल्यांना सोडू नका तुम्ही!"

त्यानं मार्लिसलाही फोन केला. तिनं उचलला नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात तिला ऐकू येत नसणार.

दुपार कलल्यावर शेरीफच्या माणसाचा फोन आला. "सापडला तुमचा ट्रेलर. उत्तरेकडच्या मोठ्या तळ्यावर उभा आहे. कुठं ओरखडासुद्धा नाही."

"आणि चोर?"

पलीकडं त्यानं घसा खाकरला. "एकट्याच बाई आहेत. बाहेर खुर्ची टाकून कॉफी पितायत."

"कॉफी पितेय? वर तोंड करून? बेड्या घाला तिला! तो माझा ट्रेलर आहे!"

"तेच सांगितलं मी त्यांना. पण मिसेस टॉलेफसन विचारतायत, यातलं तुमचं नेमकं काय काय आहे? तुम्ही सांगाल ते आत्ताच्या आत्ता काढून द्यायला त्या तयार आहेत."