गरम वारा कुणाच्या वाट्याला

"आउटडोअर युनिट इथंच लावू, मावशी," एसी बसवायला आलेला माणूस म्हणाला आणि त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खडूनं फुली मारली.

तोवर मी नुसता खर्च मोजत होते. एसीची किंमत वेगळी, स्टॅबिलायझर वेगळा, वायर जाडच हवी, भिंतीला भोक पाडायचेही पैसे! मुलीच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा इतक्या मागण्या केल्या नव्हत्या. पण ती फुली पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

"त्या डबड्यातून काय येतं रे?"

"खोलीतली गरम हवा, मावशी."

"म्हणजे माझा लेक आत गार पडून राहणार, आणि त्याच्या खोलीतली धग पोळ्या लाटणाऱ्या सुनेच्या तोंडावर?"

हेमराज वैतागला. "आई, गच्चीवर न्यायचं तर तांब्याचा पाइप वीस फूट जास्त लागतो. फुकट येतो का? तू फक्त या अर्जावर सही कर. विजेचा लोड वाढवायचाय आणि मीटर तुझ्या नावावर आहे."

आतून सून म्हणाली, "राहू द्या ना आई. मला सवय आहे."

तिथं मात्र माझा संताप अनावर झाला. हेच मी चाळीस वर्षं म्हणत आले, आणि या घरानं ते खुशाल खरं मानलं.

मी अर्जाची घडी करून कमरेला खोचली.

"मला लिहिता येतं ते फक्त माझं नाव, हेमराज. डबडं गच्चीवर चढलं की लिहीन."